‘काहीतरी थरारक द्या’ म्हणणाऱ्या वाचकाला काय द्यावं?

वाचकाचं पत्र: मी तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या खिडकीवर रोज एक मागणी ठरलेली असते, ‘मॅडम, काहीतरी थरारक द्या, खाली ठेववणार नाही असं.’ आमच्याकडे अर्नाळकर, गुरुनाथ नाईक आणि धारपांची काही जुनी पुस्तकं आहेत, बरीचशी पानं सुटलेली. एक सत्तरी ओलांडलेले सभासद तीच परतपरत नेतात. कॉलेजची मुलं मात्र कपाट बघून हात हलवत परत जातात. यंदा खरेदीतले पाच हजार रुपये या विभागाला मिळतील असं दिसतंय. पण कार्यकारी मंडळातले दोघे म्हणतात, रहस्यकथा म्हणजे हलकं वाचन, त्यापेक्षा चरित्रं घ्या. मी स्वतः हा प्रकार फारसा वाचलेला नाही. काय घेऊ, कोणाला काय देऊ आणि मंडळाला काय सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मंडळानं हात आखडता घेतला तर बाकीचं सगळं कागदावरच राहील. मंडळाशी साहित्याच्या दर्जावर वाद घालू नका. सभेला जाताना देवघेवीची नोंदवही घेऊन जा. गेल्या सहा महिन्यांत रहस्य-भयाच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक किती वेळा बाहेर गेलं आणि चरित्रांचं किती वेळा, एवढं एका कागदावर मांडा. त्याच नोंदवहीत तुम्हाला असेही सभासद सापडतील, जे दोन-तीन वर्षांपूर्वी फक्त धारप नेत होते आणि आता इतिहास, प्रवास, चरित्र असं सगळं नेतात. ती नावं सभेत वाचून दाखवू नका, सभासदाचं वाचन हा त्याचा खाजगी मामला आहे. संख्या सांगितली तरी पुरे.

एवढ्यानं भागलं नाही, तर डॉ. एस. आर. रंगनाथन यांची पाच सूत्रं काढा. १९३१ साली त्यांनी ती पुस्तकरूपानं मांडली आणि आजही ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. दुसरं सूत्र आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ‘त्याचं’ म्हणजे मंडळाला आवडणारं नव्हे. आणि हा प्रकार हलका म्हणणाऱ्यांना विचारा, सत्यजित राय यांनी १९६५ पासून पुढची पंचवीसेक वर्षं फेलूदा या गुप्तहेराच्या रहस्यकथा का लिहिल्या असतील? जयंत नारळीकरांना विज्ञान सांगायला उत्कंठेचा धागा का लागला असेल? या माणसांकडे लिहिण्यासारखं दुसरं काही नव्हतं असं कोणी म्हणणार नाही.

आता तुमच्या खिडकीवरच्या मागणीकडे वळते. ‘थरारक’ हा शब्द वाचक ज्या अर्थानं वापरतो, त्यात निदान तीन वेगवेगळ्या भुका आहेत. एकाला कोडं हवं असतं: हे केलं कोणी? दुसऱ्याला पाठलाग हवा असतो: तो सापडेल की निसटेल? तिसऱ्याला भीती हवी असते, अंधारात हे आहे तरी काय? कोडं हवं असलेल्याला भयकथा दिलीत तर तो म्हणतो, ‘याला काही लॉजिकच नाही.’ भय हवं असलेल्याला अ‍ॅगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा दिली तर म्हणतो, ‘नुसत्या गप्पाच मारतात.’ दोन्ही पुस्तकं चांगली असतात, माणूस चुकतो. म्हणून खिडकीवर एवढंच विचारा: शेवटचं कोणतं पुस्तक तुम्ही एका बैठकीत संपवलंत? पुस्तक आठवत नसेल तर सिनेमा विचारा. त्या उत्तरावरून तुम्हाला भूक ओळखता येईल.

सिनेमाचा हा रस्ता फार उपयोगी आहे, साठी-सत्तरीच्या सभासदांसाठी तर विशेष. ‘बीस साल बाद’ (१९६२) आवडलेल्या माणसाला कॉनन डॉयलची ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ द्या. सिनेमाचं बीज तिथलंच आहे. दलदलीचा माळ, घराण्याला लागलेला शाप आणि रात्री ऐकू येणारा आवाज. ‘कोहरा’ (१९६४) पाहिलेल्यांना दाफ्ने द्यु मोरिएची ‘रेबेका’ द्या. तिच्यात निवेदन करणाऱ्या नायिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, आणि जी मेलेली आहे त्या पहिल्या बायकोचं नाव मात्र पानापानावर येतं. घरात एकही भूत नसताना वाचणाऱ्याचा जीव दडपतो. ‘गुमनाम’ (१९६५) आवडलेल्यांसाठी अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वेअर नन’ आहे. नव्या पोरांपैकी कोणी ‘जाने जां’ (२०२३) पाहिला असेल, तर त्याच्या हातात किगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ठेवा. त्या जपानी कादंबरीत खून कोणी केला ते सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत घडतं. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर तो कसा झाकतो, आणि किती झाकतो, यावर बाकीचं सगळं पुस्तक उभं आहे. सिनेमा पाहिलेला असला तरी चालतं. मास्तराच्या मनाचा जो तळ पुस्तकात गाठला जातो, त्यासाठी ते वाचायचं.

‘अँड देन देअर वेअर नन’बद्दल थोडं जास्त सांगते, कारण कोड्याच्या भुकेला एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी हे घेईन. १९३९ सालची कादंबरी. एकमेकांना न ओळखणारी दहा माणसं एका बेटावर बोलावली जातात. बोलावणारा यजमान मात्र तिथं नाही. प्रत्येकाच्या खोलीत एक बडबडगीत टांगलेलं आहे, आणि जेवणाच्या टेबलावर दहा छोट्या बाहुल्या. एक मरण होतं आणि कोणाच्या तरी लक्षात येतं, बाहुल्या नऊच आहेत. पुढे तर माणसं एकमेकांकडे बघण्याआधी टेबलाकडे बघायला लागतात. कोडं सोडवून देणारा डिटेक्टिव्ह नाही, मदतीला पोलीस नाहीत, कोणावर विश्वास ठेवावा हे सांगणारं कोणी नाही. रक्ताचं वर्णन जवळजवळ नाहीच, त्यामुळे कॉलेजातल्या मुलीपासून आजोबांपर्यंत कोणालाही बिनधास्त द्या. ख्रिस्तीच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आहेत. रंगभूमीवरचे मोठे नट मधुकर तोरडमल यांनी तिचे अनुवाद केलेत. त्यांतल्या दोन-तीन घ्या. तिची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) मिळाली तर सोडू नका, मात्र ती देताना सभासदाला बजावा की मागची पानं चाळू नका आणि घरात कोणी आधी वाचली असेल तर त्याच्याशी बोलू नका. शेरलॉक होम्स मराठीत हवा असेल तर भालबा केळकरांचे अनुवाद आहेत, त्यांची मराठी अजूनही गोड लागते.

पाठलागाच्या भुकेसाठी फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१). हे पुस्तक मला या सगळ्या प्रकारातलं सर्वात देखणं काम वाटतं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी एका परदेशी मारेकऱ्याला दिली जाते, एवढीच गोष्ट. द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले हे जगाला ठाऊक होतं. म्हणजे कट फसणार हे वाचक पहिल्या पानाआधीच जाणतो, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. हे कसं साधलं ते बघा. फोर्सिथ मुळात बातमीदार, रॉयटर्ससाठी पॅरिसमधून बातम्या पाठवणारा. कादंबरीची सुरुवात खऱ्या घटनांवर आहे: ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसबाहेर द गॉल यांच्या गाडीवर झालेला गोळीबार आणि त्याचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च १९६३ मध्ये दिलेला देहदंड. खऱ्यातून खोट्यात आपण कधी शिरलो ते कळतच नाही. मग तो मारेकरी काय करतो? खेड्यातल्या चर्चच्या स्मशानात जाऊन थडग्यांवरच्या तारखा वाचत हिंडतो. त्याला हवं असतं एक असं मूल, जे साधारण त्याच्याच वयाचं आज असतं पण लहानपणीच गेलं. त्या मुलाच्या जन्मदाखल्याची नक्कल काढायची आणि तिच्यावर पासपोर्ट मिळवायचा. मेलेल्या पोराच्या नावावर जिवंत माणूस. ही पळवाट ब्रिटनमध्ये त्या काळी खरोखरच होती. एकेक दाखला, एकेक सुटा भाग, एकेक सही, असं काम पुढे सरकत राहतं आणि दुसरीकडे लबेल नावाचा साधा, दबलेला पोलीस अधिकारी एकेक कागद उलटत त्याच्या मागावर असतो. दोघंही आपापल्या कामात तरबेज. तुमच्याकडे बँकेतले, महसुलातले, पोलीस खात्यातले निवृत्त सभासद असतीलच, त्यांना हे पुस्तक द्या. कागदपत्रांच्या जगात आयुष्य काढलेल्या माणसांना त्यातली गंमत इतरांहून आधी कळते.

दवाखान्याशी संबंध असलेल्या वाचकांना रॉबिन कुकची ‘कोमा’ (१९७७) आवडते. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट माणसं शुद्धीवरच येत नाहीत आणि एक विद्यार्थिनी त्यामागचं कारण शोधू लागते. कुक स्वतः डॉक्टर, त्यामुळे रुग्णालयाचे बारकावे अस्सल. त्याची बरीच पुस्तकं मराठीत आहेत. ज्यांच्या घरात ऑपरेशनची तारीख ठरलेली आहे त्यांना मात्र हे पुस्तक त्या महिन्यात देऊ नका; गावात ही माहिती तुम्हाला असतेच.

आता आपल्या मराठीकडे येते, कारण पाच हजारांतला मोठा वाटा मी इथं घालीन. सुहास शिरवळकर नसलेलं रहस्याचं कपाट मी अर्धं समजते. ‘दुनियादारी’मुळे त्यांचं नाव मुलांना माहीत आहे, पण त्यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे नायक उभे करून ढीगभर रहस्यकथा लिहिल्या, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कोर्टातली उलटतपासणी आवडणाऱ्याला अमर विश्वास द्या. आणि कॉलेजच्या मुलांसाठी, दोन प्रती घेऊन ठेवाव्या अशी, ‘समांतर’. २०२० मध्ये तिच्यावर वेबमालिका आली, त्यामुळे नाव सांगताच मुलं ओळखतात. एका माणसाला कळतं की त्याच्या हातावरच्या रेषा दुसऱ्या एका माणसाच्या रेषांशी तंतोतंत जुळतात, आणि तो दुसरा माणूस याचं पुढचं आयुष्य आधीच जगून बसला आहे. त्याला गाठलं तर आपलं उद्या कळेल. गाठावं का? कल्पना एका ओळीत सांगता येते आणि ऐकणारा तिथेच अडकतो. तुम्ही खिडकीवर ती एक ओळ सांगा, पुस्तक आपोआप जाईल. शिरवळकरांचं मराठी बोलण्यातलं आहे, वाक्यं तोकडी, संवाद झपाझप. ज्याला वाचायची सवय राहिलेली नाही तोही तासाभरात शंभर पानं मागे टाकतो.

भयाच्या भुकेला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही दोन नावं पुरेशी आहेत, पण दोघांना एका कप्प्यात कोंबू नका. धारप वातावरण चढवत नेतात. वाडा, आडगाव, कुटुंबात आलेला एक अनोळखी माणूस, आणि मग पावलापावलानं वाढत जाणारं सावट. ‘लुचाई’ घ्या, ती स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, पण गाव आणि माणसं इतकी आपली की कुठंही परकं वाटत नाही. ‘ग्रहण’ घ्या, ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथांचं एखादं पुस्तक घ्या. ‘तुंबाड’ सिनेमा पाहिलेल्या मुलांना सांगा की त्याचं मूळ बीज धारपांच्या एका कथेत आहे, ती त्याच पावली धारपांचं पुस्तक मागतील. मतकरींचं तंत्र वेगळं. त्यांची गूढकथा बहुधा आपल्यासारख्याच घरात घडते, दिवसाउजेडी, चाळीत, फ्लॅटमध्ये, आणि भीती माणसाच्या मनातून येते. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘गहिरे पाणी’ या संग्रहांपासून सुरुवात करा. कथा छोट्या, त्यामुळे ज्यांना संध्याकाळी अर्धाच तास मिळतो त्यांच्यासाठी उत्तम. धारप-मतकरी संपवून आलेल्यांना हृषिकेश गुप्ते द्या, आज मराठीत भयाचं लिहिणाऱ्यांत त्यांचा हात दमदार आहे. ‘दंशकाल’ मात्र सावकाश वाचणाऱ्यालाच द्यावी. ती जाडजूड आहे आणि ती भयकथेपेक्षा बरंच काही मागते.

नारळीकरांच्या ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या तिन्ही कादंबऱ्या तुमच्याकडे आधीच असतील तर त्या विज्ञानाच्या कपाटातून काढून इथं आणा. बाळ फोंडके यांच्या वैज्ञानिक रहस्यकथांचंही तसंच. एक पैसा खर्च न होता तुमचा विभाग वाढतो.

शाळेतल्या मुलांना फास्टर फेणे हवाच, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश अजूनही पोरांना पळवतो. त्याच्या पुढची पायरी म्हणून फेलूदा घ्या. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनानं काढलेत, पुस्तकं सडपातळ आहेत. ‘सोनार केल्ला’पासून जटायू हा रहस्यकथालेखक फेलूदाच्या चमूत येतो आणि तिथून गोष्टींना वेगळीच लज्जत चढते. सातवी-आठवीची मुलं वाचतात आणि त्यांचे आईवडीलही.

तुमच्या त्या सत्तरीच्या सभासदांबद्दल. ते अर्नाळकर परतपरत नेतात, यात बदलायला हवं असं काहीच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या. गिरणीतला कामगार आणि शाळेतला पोरगा एकाच पुस्तकासाठी थांबलेले असायचे. त्यांच्या निवडक कथा नव्यानं छापून आलेल्या आहेत. एक-दोन पुस्तकं घ्या आणि पहिल्यांदा त्याच काकांच्या हातात द्या. नव्या प्रतीतला मोठा टाइप त्यांच्या डोळ्यांना बरा पडेल. जुन्या प्रती बाद करण्याच्या यादीत घालू नका. त्या आता सहजी मिळत नाहीत. सुटलेल्या पानांना चिकटपट्टी मात्र अजिबात लावू नका, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो आणि कागद तिथेच तुटतो. गावात वह्या बांधणारा बाइंडर असेल तर खळ आणि पातळ कागद वापरून शिवून घ्या, नाहीतर कापडी थैलीत घालून वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि वाचनालयातच बसून वाचायला द्या. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या कथांनाही हाच नियम.

अनुवाद विकत घेताना एक परीक्षा करा. दुकानात उभ्या उभ्या संवादाचं एक पान काढा आणि हळू आवाजात वाचा. माणसं मराठीत बोलतायत असं वाटलं तर घ्या. ‘तू ठीक आहेस ना, माझ्या मित्रा?’ असली वाक्यं भेटली तर पुस्तक परत ठेवा, मूळ लेखक कितीही मोठा असो. रहस्यकथेत वाचक पळत असतो. दर चौथ्या ओळीला ठेच लागली की तो पुस्तक मिटतो आणि दोष लेखकाला देतो. कव्हरवर पिस्तूल आणि ‘जगभरात लाखो प्रती’ एवढंच भांडवल असलेल्या जाडजूड पुस्तकांनाही मी हात लावणार नाही. आणि रहस्यकथेची खरी कसोटी शेवटी असते: उलगडा ज्या दुव्यावर झाला तो दुवा लेखकानं आपल्याला आधी दाखवला होता का? दाखवला नसेल तर त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेऊ नका.

रोजच्या देवघेवीतल्या एका अडचणीचा या कपाटाला सर्वात जास्त त्रास होतो. पुस्तक आपण आधी नेलं होतं का, हे कळावं म्हणून सभासद ठरावीक पानावर आपली खूण करतात. कोणी सतराव्या पानावर टिंब, कोणी पन्नासाव्यावर आद्याक्षर. त्यांना रागावून ही सवय सुटत नाही. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कोरा कागद डकवा, वर लिहा, ‘वाचल्याची खूण इथे करा’. खुणा तिकडे जातील आणि तुम्हालाही एका नजरेत कळेल, पुस्तक किती हातांतून गेलं. खुन्याचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवणारा एखादा असतोच. म्हणून पुस्तक परत येताना शेवटचं प्रकरण आणि पहिली पाच पानं तुम्ही स्वतः चाळा, खोडरबर खिडकीजवळच ठेवा. शेवटचं पान गळालं असेल तर ते पुस्तक दुरुस्त होईपर्यंत कपाटात लावू नका. दोनशे पानं वाचून उत्तर न मिळालेला सभासद पुढच्या महिन्याची वर्गणी भरताना ते विसरत नाही.

पाच हजार एकदम खर्च करू नका. पहिल्या खेपेला तीन हजारांची खरेदी करा: शिरवळकर, धारप, मतकरी, फेलूदाची चार-पाच, ख्रिस्तीचे दोन अनुवाद, होम्स आणि अर्नाळकरांचं एक. ‘जॅकल’ आणि ‘सस्पेक्ट एक्स’ इंग्रजीत घ्या, कॉलेजची मुलं नेतील. तीन महिन्यांनी मागच्या पुठ्ठ्यावरच्या खुणा मोजा, आणि ज्या भुकेची पुस्तकं सर्वात जास्त हिंडली तिच्यासाठी उरलेले दोन हजार वापरा.